आवळून भागलं नाही : हँडलचा कोन सेट (ज्या बेअरिंगवर हँडल फिरतं तो) बदलल्याचा अनुभव

पहिल्यांदा ते जाणवलं गणेबैलच्या टोलनाक्याजवळ, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दुचाकीवाले तिथं बाजूच्या पट्टीतून जातात. वेग कमी करायला पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलच्या मुळातून 'टक्' असं तळहाताला लागलं. ऐकू आलं म्हणत नाही, कारण पाऊस होता आणि हेल्मेटवर तडतड चालली होती. खड्डा असेल म्हणून सोडून दिलं. पावसाळ्यात आमच्याकडे गाडीच्या कुठल्याही आवाजाला पहिलं उत्तर हेच असतं.

मी राहतो बेळगावात, वडगावला. नोकरी खानापूरच्या एका सोसायटीत. रोजचं जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शिवाय वसुलीच्या दिवसांत जांबोटी, कधी पार कणकुंबीपर्यंत. गाडी १५० सीसीची, आप्पांनी नोव्हेंबर २०१० मध्ये घेतलेली, मीटरवर ब्याण्णव हजार. इंजिनाची तक्रार नाही. आप्पा अजून तीच गाडी काढून येळ्ळूरच्या शेतावर जातात, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही.

जुलैत तो 'टक्' रोजचा झाला. त्यात आणखी एक भर पडली. सरळ रस्त्यावर हँडल मधोमध कुठंतरी बसल्यासारखं वाटायचं. म्हणजे खड्डा चुकवायला किंचित वळवायला गेलं की आधी अडायचं, मग एकदम सुटायचं आणि हवं त्यापेक्षा जास्त वळायचं. ऑफिसातला एकजण म्हणाला टायर गेलाय. टायर तसाही झिजला होता, बदलला. १,८५० रुपये. फरक शून्य. दुसरा म्हणाला चाकाचं बेअरिंग. तेही बदललं, मजुरीसकट ३२०. फरक शून्य. हे पैसे वाया गेले असं म्हणवत नाही, कारण दोन्ही आज ना उद्या करायचंच होतं. पण ज्यांना माझ्यासारखी लक्षणं दिसतायत त्यांनी आधी पुढची चाचणी करावी, मग खिशात हात घालावा.

ती चाचणी मला कळली तिसऱ्या गॅरेजवाल्याकडून. त्याआधीच्या दोघांची कथा थोडक्यात सांगतो. घराजवळच्या एका गॅरेजात पोरानं हँडल हलवून बघितलं, "सैल झालंय" म्हणाला, पाना लावून पाच मिनिटांत आवळून दिलं. ५० रुपये. टक् बंद! मी खूश. नवव्या दिवशी पुन्हा सुरू. पुन्हा आवळलं, या वेळी दुसऱ्याकडे, जरा जोरात. आता टक् गेला, पण आरपीडी चौकाच्या गर्दीत गाडी हळू चालवताना नवशिक्यासारखी डुलायला लागली. डावीकडे कलायची, मी सावरायचो, मग उजवीकडे. पंधरा-वीसच्या वेगात चाळिशीतल्या माणसानं असं वळवळत जाणं बरं दिसत नाही. मागून एक आजोबा स्कूटीवरून आले आणि "जरा जपून री" म्हणून पुढं गेले.

गणपतीच्या आधी, २३ ऑगस्टला, शहापुरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावला नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागं एका पोराला बसवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि मला म्हणाले, "डोळे मिटा आणि एका बोटानं हँडल फिरवा." फिरवलं. डावीकडे व्यवस्थित, उजवीकडे व्यवस्थित, आणि बरोबर मधे आल्यावर हँडल खळीत पडल्यासारखं थांबलं. बोटाला इतकं स्पष्ट कळलं की मी डोळे उघडले. मग त्यांनी दोन्ही शॉकअप खालून धरून पुढं-मागं ओढले. आवळलेलं असल्यामुळं तिथं खेळ नव्हता. "बेअरिंग होग्यावरी," ते कानडीत म्हणाले, आणि माझं तोंड बघून मराठीत, "गेलेत हो. आता आवळून उपेग नाही. जेवढं आवळाल तेवढं छर्रे खळीत रुततात."

मग त्यांनी जमिनीवर पडलेली एक जुनी वाटी दाखवली. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीची. चासीच्या पुढच्या टोकाला जी आखूड नळी असते, तिच्या वर एक आणि खाली एक अशा पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्यात छर्रे (पोलादी गोळ्या), आणि छर्ऱ्यांवर कोन (निमुळतं कडं). या सगळ्याला मिळून कोन सेट म्हणतात. अख्खं हँडल, शॉकअप, पुढचं चाक यावर फिरतं. त्या जुन्या वाटीत ओळीनं बारीक बारीक खड्डे होते, नखानं चाचपडले तर मोजता आले असते. कारण त्यांनी सांगितलं ते मला पटलं. गाडी सरळ चालताना हँडल जेमतेम हलतं. छर्रे फिरतच नाहीत, जागच्या जागी थरथरत राहतात. मधलं ग्रीस दाबून बाजूला जातं, वरून पाणी शिरतं, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका त्याच जागेवर बसतो. म्हणून खळ्या पडतात त्या सरळ दिशेलाच. गाडीवाटेवर चाकोरी पडते तसं. एकदा चाकोरी पडली की चाक तिच्यातच जातं, बैल कितीही ओढू देत.

मेस्त्रींना काम द्यायची माझी तयारी होती. त्यांना वेळ नव्हता. "गणपती होऊंदेत. मग दसरा आहे. दिवाळी झाल्यावर बर्री." म्हणजे या. एका सर्व्हिस सेंटरात विचारलं तर त्यांनी रीतसर जॉब कार्ड केलं आणि अंदाजपत्रक दिलं २,१४० रुपयांचं. त्यात कोन सेट, दोन्ही शॉकअपची सिलं आणि तेल, मजुरी. पार्ट हुबळीहून मागवायचा, आठ दिवस, आणि गाडी दोन दिवस ठेवून घेणार. दर अवाजवी नव्हता. पण गाडी दोन दिवस नाही म्हणजे मला खानापूरची बस, आणि आप्पांना घरात बसणं.

दिवाळीपर्यंत थांबताही येत नव्हतं. गौरी-गणपतीच्या सुट्टीत कागदांची पिशवी आवरताना आरसी हातात आली. १८ नोव्हेंबर २०१० पासून पंधरा वर्षं, म्हणजे १७ नोव्हेंबर २०२५ ला मुदत संपणार. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, फॉर्म २५ भरून, आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर केला तर नियमात दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. असं डुलणारं हँडल घेऊन निरीक्षकासमोर जाणं मला नको होतं. शिवाय खरं सांगायचं तर, ज्या गाडीला आपणच घाबरतोय तिला "रस्त्यावर चालायला योग्य" म्हणून सही मागायची कशी?

म्हणून ठरवलं, घरीच करायचं. मी एकट्यानं केलं असतं तर हा लेख वेगळाच झाला असता. माझा भाचा उद्यमबागेत एका टर्निंग शॉपमध्ये लेथवर आहे, आयटीआय फिटर. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, सामान आणून ठेवा. पण मी यायच्या आधी काय उघडू नका."

२४ सप्टेंबरला कोन सेट आणला. दुकानदारानं आधी हुबळीचं नाव काढलं, मग फोनवर बोलून म्हणाला कोल्हापुरात आहे, उद्याच्या गाडीनं येईल. आला. ३८६ रुपये. सुट्या भागांवरचा जीएसटी दोनच दिवसांपूर्वी, २२ तारखेला, २८ चा १८ टक्के झाला होता. पाकिटावर जुनी किंमत, बिलावर नवी, असं पहिल्यांदाच माझ्या बाजूनं चुकलेलं बघितलं. त्यानंच विचारलं, "टेपर रोलर घालणार काय? मजबूत असतंय." टेपरमध्ये गोल छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. छर्रा एका ठिपक्यावर टेकतो, रोलर अख्ख्या रेघेवर, म्हणून खळ्या पडायला वेळ लागतो. मोठ्या गाड्यांत बरेचदा तेच असतात. पण माझ्या गाडीत मूळ छर्रे आहेत, टेपरची उंची थोडी वेगळी निघाली तर वरचा नट नीट बसत नाही किंवा मधे वॉशर घालत बसावं लागतं. ११५० रुपये देऊन तो प्रयोग करायचं धाडस झालं नाही. आधीच्या छर्ऱ्यांनी ब्याण्णव हजार काढले, नव्यांनी पन्नास काढले तरी मला पुष्कळ झाले.

बाकी सामान : लिथियमचं चाकाच्या बेअरिंगला चालणारं ग्रीस अर्धा किलो, १९० रुपये (फारतर शंभर ग्रॅम लागलं, उरलेलं आप्पांनी शेतातल्या पंपासाठी नेलं). कोन सेट आवळून धरणाऱ्या खाचांच्या नटाला लागणारा सी आकाराचा पाना, १६० रुपये. हा विकत घ्याच. छिन्नी लावून नट ठोकत बसलं की खाचा मोडतात आणि मग पुढच्या वेळी कोणालाच तो नीट आवळता येत नाही. माझ्या नटाच्या दोन खाचा आधीच्या आवळणाऱ्यांनी भोंगळ करून ठेवल्याच होत्या. रॉकेल मिळालं नाही, डिझेल अर्धा लिटर आणलं धुवायला.

मधे एक चूक केली ती सांगतो. १ ऑक्टोबरला खंडेनवमी. आदल्या दिवशी सगळं बेळगाव वॉशिंग सेंटरवर रांगेत, मीही गेलो. पोरानं प्रेशरचा फवारा नेमका हँडलच्या मुळाशी, हेडलाइटच्या मागं, मनापासून मारला. मी बघत होतो आणि छान वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पूजा, हार, लिंबू. पाच दिवसांनी उघडल्यावर खालच्या वाटीतून ग्रीसऐवजी तपकिरी पाणी गळालं. तो फवारा त्या जागी कधीही मारू देऊ नका, एवढंच.

५ ऑक्टोबर, रविवार. भाचा नऊला आला. सुरुवातीलाच त्यानं मला फोन काढायला लावला. प्रत्येक केबल कुठून जाते त्याचे फोटो. क्लच, ॲक्सिलरेटर, मीटरची केबल, हेडलाइटच्या वायरी. तेव्हा मला हे पोरकट वाटलं. पुढच्या रविवारी ते चौदा फोटोच कामाला आले.

क्रम असा होता. टाकीवर जुनी गोधडी. इंजिनाखाली लाकडी ठोकळा, मागं पोत्यात भरलेली वाळू, म्हणजे पुढचं वजन उचललं जातं. पण त्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, वरचा मोठा नट सैल करून घ्यायचा. चाक अधांतरी झालं की हँडल फिरत राहतं आणि नट सुटत नाही. मग चाक काढलं. डिस्क ब्रेकचा कॅलिपर सुतळीनं बांधून लटकवला. त्याला नुसत्या पाइपवर लोंबू देऊ नये, आणि चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नये. माझ्या मुलानं दाबायला हात पुढं केलाच होता. मग मडगार्ड. शॉकअप वरच्या टीमधून (दोन्ही शॉकअपना आडवं धरणारे वर-खाली दोन टी असतात) किती वर आलेत त्याची भाच्यानं पेन्सिलीनं खूण केली, दोन्ही बाजूंना, आणि मगच ते खाली ओढून काढले. हँडल सोडवून टाकीवर टेकवलं. वरचा टी निघाला.

आता खाचांचा नट. भाचा म्हणाला, "खाली परात धरा." मी आमच्या हिची कणीक मळायची परात आधीच पळवून ठेवली होती. खालच्या टीची दांडी चासीच्या नळीतून वर येते, तिच्यावर हा नट. एका हातानं खालचा टी वर दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं नट फिरवायचा. नट सुटला, मी टी हळूहळू खाली आणायचा होता. हळूहळू जमलं नाही. सर्रकन खाली आला आणि छर्रे परातीत वाजले, बरेचसे. काही बोळात. आमच्या बोळात दिवसभर मागांची खटखट असते, रविवारी बंद, त्यामुळं एक छर्रा फरशीवरून टणटणत गटारीकडे जाताना सगळ्यांनी ऐकला. मोजले तर ३५ निघाले, असायला हवे होते ३७. एक नंतर चपलेत सापडला. जुने परत घालायचे नव्हतेच, त्यामुळे नुकसान काही नाही. पण नवीन छर्रे जुन्या वाट्यांत घालून पैसे वाचवायचा विचार कोणी करत असेल तर करू नये. खळ्या वाटीत असतात, छर्ऱ्यांत नाही.

माझी खालची वाटी पुसून उन्हात धरली. समोरच्या आणि मागच्या बाजूला दहा-बारा खळ्या, राईच्या दाण्याएवढ्या, आणि त्यांच्या कडांना गंज. बाजूंना वाटी आरशासारखी गुळगुळीत. पंधरा वर्षं आम्ही किती सरळ गेलो आणि किती कमी वळलो ते तिथं छापलेलं होतं.

इथपर्यंत अकरा वाजले. मला वाटलं अर्धं काम झालं. काम तर आता सुरू होत होतं.

चासीतली वरची वाटी काढायला खालून लांब सळई घालायची, आतून वाटीच्या कडेला टेकवायची आणि ठोकायचं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, थोडं थोडं. एकाच बाजूला ठोकलं तर वाटी तिरकी होऊन अडकते आणि चासीची नळी ओरबाडते. वरची वीस मिनिटांत निघाली. खालची हलेना. सळई टेकवायला आत कड जेमतेम दिसत होती. मी मोठा हातोडा उचलला तेव्हा भाच्यानं माझा हात धरला आणि नळीच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. चासी नंबर. माझ्या गाडीचा चासी नंबर नेमका त्याच नळीवर कोरलेला आहे. "हातोडा निसटला तर आरटीओला काय दाखवणार मामा? छाप इथूनच काढतात." मग नंबरावर कापडाच्या चार घड्या बांधल्या आणि काम त्याच्याकडे सोपवलं. त्यानं दोन मिनिटं नळी बाहेरून गरम हवेच्या बंदुकीनं तापवली, सळईचं टोक दगडावर घासून चपटं केलं, आणि एका तासानं वाटी खाली पडली. अगदीच निघाली नाही तर वेल्डरकडून वाटीच्या आतल्या बाजूनं वेल्डिंगची एक रेघ ओढून घ्यायची, गार होताना वाटी आकसते आणि आपोआप सुटते, असं तो म्हणाला. ती वेळ आली नाही.

खालच्या टीच्या दांडीवर जो कोन घट्ट बसलेला असतो, तो मात्र घरी निघाला नाही. भाचा टी बरोबर घेऊन गेला. सोमवारी शॉपमध्ये हातग्राइंडरनं कोनाला एक चीर पाडली, दांडीला लागू न देता, आणि चिरेत छिन्नी मारून तडकवला. आठवडाभर गाडी अंगणात, मुंडकं काढल्यासारखी, वर गोधडी. मी बसनं खानापूर. येताना-जाताना दोन वेळचे मिळून रोज दीड तास जादा. आप्पा रोज एकदा बाहेर येऊन बघायचे. "चालालती की गाडी. कशाला उघडलास?" याला उत्तर नव्हतं.

येताना भाच्यानं एक चीज करून आणली, तिच्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. टाकाऊ तुकड्यांतून लेथवर दोन जाड चकत्या, वाटीच्या बाहेरच्या कडेवर बरोबर टेकतील अशा, आणि मधे आटे पाडलेली फूटभर सळई. दोन्ही वाट्या वर-खाली ठेवायच्या, सळई आरपार घालायची आणि दोन पान्यांनी नट फिरवत जायचं. वाट्या ठोकल्याविना सरळ आत ओढल्या जातात. हे नसेल तर जुनी वाटीच नव्यावर उलटी ठेवून ठोकतात, पण जुनीला आधी एक चीर पाडून घ्यावी, नाहीतर तीच आत अडकून बसते.

१२ ऑक्टोबर. नव्या वाट्या मी आदल्या रात्रीच पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, मटारांशेजारी. गार पोलाद केसभर आकसतं, तेवढं पुरतं. सकाळी आमच्या हिनं विचारलं, "हे काय आणि आता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आणि परात?" परात नवी घेऊन दिली, २८० रुपये, ते या खर्चात धरा.

नळीच्या आतली गंजाची पापडी पुसून वाट्या ओढून घेतल्या. शेवटी खात्री म्हणून भाच्यानं चकतीवर दोन हलके ठोके मारले आणि म्हणाला, "आवाज ऐका." वाटी पूर्ण टेकलेली नसते तोवर ठोका पोकळ येतो. टेकली की एकदम भरीव, ऐरणीवर मारल्यासारखा. हा फरक लिहून सांगता येत नाही, पण एकदा ऐकला की विसरत नाही. दांडीवरचा नवा कोन जुन्या कढईत तेलात तापवून (ही कढई माझीच, अंगणातली) सरकवला. त्याच्याखाली धुळीचं रबरी सील आधी घालायचं असतं. आम्ही विसरलो होतो. कोन अर्ध्यावर असताना आठवलं, चिमट्यानं ओढून काढला, परत तापवला.

छर्रे लावणं हे सगळ्यात सुखाचं काम. वाटीत ग्रीसचा जाड थर द्यायचा आणि एकेक छर्रा त्यात चिकटवत जायचा. किटमध्ये दोन पुड्या होत्या, एकीत १८ वरचे, दुसरीत १९ खालचे. ओळ पूर्ण झाली की साधारण एका छर्ऱ्याएवढी फट उरायला हवी. ती बघून माझा हात आणखी एक घालायला निघाला होता. घालायचा नाही. फट नसेल तर छर्रे एकमेकांवर घासतात आणि फिरत नाहीत. मग खालचा टी वर सरकवून, वरचा कोन, खाचांचा नट.

आवळण्याची रीत : आधी नट बऱ्यापैकी घट्ट करायचा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवायचं म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करून पुन्हा हलक्या हातानं, खेळ जाईल इतपतच. गाडीच्या पुस्तकात टॉर्कचा आकडा असतो. टॉर्कचा पाना असेल त्यानं तो वापरावा. आमच्याकडे नव्हता.

आणि इथंच चुकलं. १३ तारखेला सोमवारी खुशीत निघालो आणि पिरनवाडीच्या गर्दीत गाडी परत डुलली. खळी नाही, टक् नाही, पण हँडल जड, स्वतःहून सरळ होईना. पोटात खड्डा पडला. अकराशे रुपये, दोन रविवार, एक परात, आणि पुन्हा तेच?

संध्याकाळी शहापूरला मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उचलून हँडल मधोमध धरलं आणि सोडलं. जागचं हललं नाही. हसले. "भाळ बिगि माडब्याड्री," म्हणाले. फार आवळू नका. आमचं चुकलं ते हे : खाचांचा नट बरोबर लावला होता, पण त्यावर टी बसवून वरचा मोठा नट करकचून आवळला की आट्यांमधली थोडीशी जागा दबते आणि खालचं सगळं आणखी घट्ट होतं. म्हणून वरचा नट आवळल्यानंतर पुन्हा तपासायचं असतं. त्यांनी वरचा नट सोडला, खाचांचा नट फार तर एक खाच मागं घेतला, परत वरचा आवळला. आता हँडल मधून किंचित ढकललं की आपल्या वजनानं टोकापर्यंत पडत होतं, आणि खालून ओढून बघितलं तर खेळ नव्हता. दोन्ही एकाच वेळी. मजुरी ५० रुपये सांगितली, मी १०० दिले. सुरुवातीला नुसतं आवळून देणाऱ्यांना मी ५०-५० दिलेच होते.

एकूण हिशेब : कोन सेट ३८६, ग्रीस १९०, पाना १६०, डिझेल पन्नासच्या आसपास, मेस्त्री १००, परात २८०. भाच्यानं पैसे घेतले नाहीत, त्याचं दिवाळीत बघितलं. जून ते ऑगस्टमधले टायर, बेअरिंग, आवळणी धरली तर दुपटीच्या वर जातं.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा असं मेस्त्रींनी सांगितलं होतं. नवे भाग बसतात, थोडा खेळ येतो. दिवाळीत पाडव्याला चाक उचलून बघितलं, अगदी बारीक खेळ होता, सी पाना अर्धी खाच फिरवला. आता दर सर्व्हिसला बोटानं फिरवून बघायचं आणि दर पावसाळ्यानंतर उघडून नवं ग्रीस भरायचं ठरवलंय. पहिलं होईल. दुसऱ्याचं सांगता येत नाही.

आरटीओचं काम ऑनलाइन अर्जानं सुरू झालं. आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, फॉर्म २५. नूतनीकरणाची फी १००० रुपये, शिवाय कार्डाची फी आणि हरित कर वेगळा. पीयूसीची मुदत आणि विम्याची मुदत आधी बघून घ्या, माझी पीयूसी चार दिवसांपूर्वी संपलेली निघाली. गाडी दाखवायला नेली ४ नोव्हेंबरला, मंगळवारी. रजा अर्धा दिवस टाकली होती, पूर्ण लागली. दिवे, हॉर्न, नंबर प्लेट बघून झाल्यावर साहेब म्हणाले, "चासी नंबर?" मी कापडानं नळीवरचं नवं ग्रीस पुसलं. नंबर केबलींच्या मागं होता, म्हणून त्यांनी स्वतःच हँडल धरलं आणि पूर्ण डावीकडे फिरवलं. एका हातानं. हँडल निमूट गेलं. त्यांनी नंबर वाचला, लिहून घेतला, हँडल सोडून पुढच्या गाडीकडे गेले. त्यांना काहीच जाणवलं नाही. मला एवढंच हवं होतं.

पाच वर्षांची मुदत मिळाली. कार्ड टपालानं यायचंय.

त्या रविवारी आप्पा शेतावरून आले, गाडी लावली, किल्ली खुंटीला अडकवली. "हलकी झालीय रे गाडी," म्हणाले. "हवा भरून घेतलास काय?"